लिस्टर जेपी-2 वरचा जुळवून घेतलेला हिरवा: एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यानंतर

इंग्लंडच्या कालव्यांवरच्या नॅरोबोटीत (अरुंद, लांबट बोटीत) डर्स्ली गावी बनलेलं जुनं लिस्टर डिझेल इंजिन असेल तर ते सहसा फळीखाली दडवलेलं नसतं. स्वतंत्र इंजिन-खोलीत, पितळी आणि तांब्याच्या नळ्यांच्या मधोमध उभं असतं आणि बाजूची दारं उघडली की काठावरच्या माणसालाही दिसतं. त्यामुळे रंग नुसता गंज अडवणारा असून भागत नाही, तो जुळावाही लागतो. हा अनुभव नमुना देऊन मिसळून घेतलेल्या साध्या अल्किड इनॅमलचा आहे: 1 लिटरचा डबा, हार्डनर नाही, ब्रशने दोन हात, खाली राखाडी झिंक फॉस्फेट प्रायमर. निकाल आधीच सांगतो. रंग बीडाला घट्ट धरून आहे, डागडुजी सोपी आहे, दिवसाच्या उजेडात छटा चोख जुळते. रात्री दिव्याखाली जुळत नाही, आणि इंजेक्टरांच्या आसपास रंग टिकत नाही.

आधी छटेचं बघू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. जुन्या हिरव्या लिस्टरसाठी बहुतेक लोक बीएस 381सी या ब्रिटिश रंग-तक्त्यातल्या 226, म्हणजे मिड ब्रन्सविक ग्रीनपासून सुरुवात करतात. (आपल्याकडच्या आयएस 5 च्या तक्त्यातही 226 हाच आकडा याच हिरव्याला आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईत जुनं इंजिन रंगवणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल.) सगळं इंजिन नव्याने रंगवायचं असेल तर नुसता आकडा सांगून भागतं. अर्धं जुनं ठेवून अर्धं नवं करायचं असेल तर नाही. मूळ रंगावर अनेक वर्षांची उष्णता आणि तेलाची वाफ बसलेली असते. अल्किड अंधारात आणि उष्णतेत पिवळा पडतो, हिरव्याचा मग शेवाळी होतो.

नमुना म्हणून क्रँककेसची बाजूची सपाट झाकणी काढून न्यावी. दुकानातल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्राला, सपाट जागा लागते. गोलाईवर किंवा खडबडीत ओतकामावर तो दर वेळी वेगळं वाचन देतो. झाकणीची कड जिथे पट्टीखाली किंवा पाटीखाली झाकलेली होती, तिथला रंग खरा. ती जागा व्हाइट स्पिरिटने पुसायची, मग रबिंग कंपाउंडने वरचा मेलेला थर हलक्या हाताने उतरवायचा, आणि निदान 3 सेंटिमीटर चौकोन स्वच्छ मिळाला की मगच दुकानात जायचं. तेलकट नमुन्यावर यंत्र गडद वाचतं आणि आख्खा डबा गडद येतो.

आता रात्रीची गोष्ट. जुना ब्रन्सविक ग्रीन क्रोम यलो आणि प्रशियन ब्लू यांच्या मिश्रणातून व्हायचा. आज असल्या रंगात क्रोम यलो सहसा वापरत नाहीत, त्यात शिसं असतं. नवं मिश्रण बहुधा थॅलो ग्रीन आणि एखाद्या सेंद्रिय पिवळ्यावर उभं असतं. दोन्ही रंग दुपारच्या उजेडात एकसारखे दिसतात, पण परावर्तनाचा आलेख वेगळा असल्यामुळे दिवा बदलला की एक निळसर आणि दुसरा पिवळसर दिसू लागतो. 2700 केल्विनच्या पिवळ्या एलईडीखाली या डब्यातला हिरवा जुन्या गिअरबॉक्सशेजारी सरळ निळसर दिसतो. यावर उपाय दुकानातच: झाकणीशेजारी ओला ठिपका लावून लगेच होकार देऊ नका. पत्र्याच्या तुकड्यावर प्रायमर आणि दोन हात मारा, एक दिवस वाळू द्या (इनॅमल वाळल्यावर थोडा गडद होतो), मग तो तुकडा दारात आणि इंजिन-खोलीच्या दिव्याखाली, दोन्हीकडे धरून बघा. दिव्याखाली फारच उघडं पडत असेल तर मिसळणाऱ्याला दुसरा पिवळा टिंटर (छटा देणारा घट्ट रंग) वापरायला सांगता येतं. ते जमत नसेल तर जुना-नवा रंग सांध्यावर, गॅस्केटच्या रेषेवर तोडा. एकाच ओतीव भागाच्या मधोमध कधी तोडू नका.

त्याच शिशामुळे जुना रंग कोरडा घासायचा नाही. पाणी लावून पॉलिश पेपर, 120 आणि मग 240, तोंडाला पी3 मास्क, आणि निघालेला चिखल चिंध्यांत टिपून वेगळ्या पिशवीत. इंजिनाखालच्या ट्रेमध्ये शोषक चटया आधीच पसराव्या, म्हणजे डीग्रीजर आणि तेल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, आणि तिथून पंपाने कालव्यात जात नाही.

प्रमाण सांगायचं तर गिअरबॉक्ससकट साधारण 3 चौरस मीटर धरा. इनॅमल लिटरला 10 ते 12 चौरस मीटर जातो, म्हणजे दोन हातांना 600 मिली लागतो आणि उरलेला डागडुजीला राहतो. प्रायमरही 1 लिटर घ्या. प्रायमर राखाडीच घ्यावा. रेड ऑक्साइडवर हा हिरवा कडांना मळकट दिसतो, आणि बोल्टच्या डोक्यांवर तर लालसर झाक येतेच. व्हाइट स्पिरिट 5 टक्क्यांपर्यंत घातलं तर ब्रश छान ओढला जातो. 10 च्या पुढे गेलात की उभ्या भागांवर ओघळ येतात.

झाकायच्या जागांची यादी लांब आहे, पण तीन ठिकाणं विसरली तर महागात पडतं. पहिलं, इंधन पंपांचा रॅक (इंधन कमी-जास्त करणारी सरकती दांडी) आणि त्याचे सांधे. तिथे रंग वाळला तर रॅक अडकतो, आणि अडकलेल्या रॅकचं इंजिन लिव्हर ओढूनही बंद होत नाही. रंगकाम संपल्यावर, सुरू करण्याआधी, रॅक हाताने पूर्ण मागेपुढे करून बघायलाच हवा. दुसरं, अर्थिंगच्या पट्टीची जागा. तिच्याखाली रंग गेला तर सेल्फ कण्हत फिरतो आणि माणूस बॅटरी बदलत बसतो. तिसरं, रबरी माउंट आणि होज. थिनरने रबर फुगतं, शिवाय रंगवलेल्या रबरावरच्या भेगा दिसत नाहीत.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाण्याने थंड होणारा असेल तर हाच रंग चालतो. कोरडा असेल तर नाही. अल्किड 120 ते 150 अंशांच्या पुढे करपतो. तिथे 600 अंशांचा सिलिकोन रंग, काळा किंवा अॅल्युमिनियम, अगदी पातळ थरांत. हिरव्याशी जुळवायचा हट्ट तिथे सोडून द्यावा. लिस्टरचंच, पण हवेने थंड होणारं एसआर-2 असेल तर सिलिंडरच्या पंखांवर जाड थर मुळीच नको. जाड रंग उष्णता अडवतो आणि पंखांमधली फट बुजवतो.

बोटीतल्या रंगकामाचा खरा शत्रू दव. हल, म्हणजे बोटीचा सांगाडा, पाण्यात असतो, इंजिनाचा बीड थंड असतो, आणि सकाळी दार उघडलं की डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्याच्यावर बसतो. धातूचं तापमान दवबिंदूच्या किमान 3 अंश वर असल्याशिवाय डबा उघडू नये. खोली उबदार करायला तेलाचा विजेवरचा हीटर ठीक. स्टोव्ह आणि गॅसची पायलट ज्योत मात्र बंद, कारण थिनरची वाफ खालीच साचते. ओलाव्यावर मारलेला इनॅमल आधी धुरकट होतो आणि पुढे नखाने पापुद्र्यासारखा निघतो.

दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. या रंगाला दुसरा हात 16 ते 24 तासांत, नाहीतर सरळ आठवड्यानंतर. मधल्या दिवसांत मारला की खालचा अर्धवट वाळलेला थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. शेवटच्या हातानंतर आठवडाभर इंजिन लावू नये, आणि पहिल्यांदा 20 मिनिटं रिकामंच चालवावं. थोडा वास येतो, तो दोन-तीन फेऱ्यांत जातो.

इतके महिने गेल्यावरची स्थिती: क्रँककेस आणि सिलिंडर ब्लॉक नव्यासारखे. गिअरबॉक्सवर एक टवका, पान्याचा. हेडवरची चकाकी उतरून सॅटिनकडे गेली आहे, छटा मात्र तीच आहे. इंजेक्टरांच्या पायथ्याशी आणि रिटर्न पाइपच्या बॅन्जोखाली (गोल कड्याच्या जोडाखाली) रंग मऊ पडला आणि बोटाला हिरवा लागू लागला. डिझेल तिथे रोज थेंबभर पाझरतं, आणि अल्किड सतत डिझेलमध्ये राहिला तर नरमणारच. रंगाला दोष देण्याआधी तांब्याचे वॉशर बदलावे. तिथलं मऊ झालेलं खरवडून, व्हाइट स्पिरिटने दोनदा पुसून, प्रायमरसकट नवा हात दिला तर सांधा दिसत नाही. एवढ्यासाठीच मी टू-पॅकच्या, म्हणजे हार्डनर मिसळून लावायच्या रंगाच्या, फंदात पडायला सांगणार नाही. तो डिझेल उत्तम सहन करतो, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे बंद इंजिन-खोलीत फवारायला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि पुढे बोटभर जागा दुरुस्त करायलाही नव्याने मिसळावा लागतो.

उरलेला रंग छोट्या, काठोकाठ भरणाऱ्या बाटलीत ओतून ठेवावा. अर्ध्या रिकाम्या डब्यात साय धरते, आणि ती गाळून वापरली तरी चकाकी कमी येते. बाटलीवर टिंटरचं सूत्र आणि तारीख लिहून ठेवा. बाटली संपल्यावर मिसळणाऱ्याकडे नुसता 226 आकडा नाही, ते सूत्र घेऊन जायचं असतं.