वणी रोडवरचं ट्रॅक्टर गॅरेज, पावसाळ्यात गाडी इथंच न्या

आमच्या गावाकडून वणीला जाताना रोडला लागूनच जे ट्रॅक्टरचं गॅरेज आहे ना, त्याच्याबद्दल लिहून राहिलो. काम चांगलं आहे, माझ्या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक लीक होत होतं ते त्याच दिवशी करून दिलं, रेटही बाकीच्यांसारखेच. पण मला सांगायचं ते दुसरंच, या गॅरेजातून पावसाचं पाणी ऑइल न घेता बाहेर पडते.

तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. अहो भाऊ, आपल्या इकडे ऑइल बदलणं, धुणं, ग्रीसिंग सारं उघड्यावर चालते, जळकं ऑइल तिथंच मातीत मुरते अन् मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला का रंगीत तवंग नालीतून थेट नाल्यात, त्याच नाल्यावर आपले ढोरं पाणी पेतात. हे पाणी मधात कुठंच साफ होत नाही, जसं निघालं तसंच नदीला लागते.

इथं ऑइल बदलायची जागा टिनाच्या शेडखाली आहे, खाली काँक्रीट अन् चारी बाजूनं विटांची बुटकी कड, म्हणजे बाहेरचं पाणी आत येत नाही अन् आतलं बाहेर जात नाही. माझा फिल्टर खोलताना ऑइल सांडलं तर पोरानं पाण्याचा पाइप नाही धरला, लाकडाचा भुसा टाकला, ऑइल शोषू दिलं, मग फावड्यानं भरून झाकणाच्या ड्रममध्ये टाकला अन् फिल्टर जाळीवर पालथा ठेवला निथळायला. जळकं ऑइल वेगळ्या ड्रममध्ये. 2016 च्या नियमाप्रमाणे ते घातक कचऱ्यात येते, परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्यावं लागते, मालकानं मला पावत्या काढून दाखवल्या.

धुण्याचं पाणी तीन खणाच्या टाकीत जाते. गाळ खाली बसते, ऑइल वर तरंगते अन् पाइप मधल्या उंचीवरून घेतला आहे म्हणून पुढच्या खणात फक्त मधलं पाणी सरकते. साबण पावडर हे लोक फार कमी वापरतात, कारण साबणानं ऑइल पाण्यात फेटल्या जाते अन् मग वर येतच नाही. हे मला इथंच समजलं.

एक गोष्ट मात्र खटकली. जुन्या बॅटऱ्या मागच्या भिंतीपाशी उघड्यावर पडून आहेत, त्यात तेजाब अन् शिसं असते, अन् ग्राइंडिंगही बाहेरच करतात, लोखंडाचा चुरा मातीवर दिसते. मी तोंडावर सांगितलं, मालक म्हणाले पोळ्याच्या आधी तिथंही पत्रे टाकतो. तोवर निदान ताडपत्री तरी झाका म्हणावं.

शेडमध्ये दोनच ट्रॅक्टर मावतात, पेरणीच्या दिवसात नंबर लागते, म्हणून आधी फोन करून जा. बॅटऱ्यांचा एक स्टार कापून चार देतो, पत्रे पडले का पाचवाही देईन.