रबरी नाग की हाताने रंगवलेला नाग?

क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मिळणारा मऊ रबरी नाग आणि संग्राहकांसाठी टणक प्लास्टिकमध्ये घडवून हाताने रंगवलेली तळहाताएवढी प्रतिकृती, यांपैकी एक निवडायची असेल तर प्रथम डोळा पाहावा. खऱ्या नागाच्या डोळ्यातील बाहुली गोल असते. रबरी नागाला मात्र अनेकदा पिवळ्या डोळ्यात उभी फट काढलेली असते, जी घोणशीला शोभते.

फण्यातील फरक मला याहून गंभीर वाटतो. मानेतील लांब बरगड्या पसरून नाग फणा उभारतो, त्यामुळे तो कडेला पातळ होत खाली शरीरात सहज मिसळतो, आणि त्यावरचा दहाचा आकडा पाठीकडून दिसतो. चांगल्या प्रतिकृतीत हे सारे जपलेले असते, शिवाय पोटाखाली रुंद आडव्या खवल्यांची एकच रांग कोरलेली असते; स्वस्त रबरी नागाचा फणा म्हणजे मानेला चिकटवलेली चकती, आकडा कित्येकदा समोरच्या बाजूला, आणि पोटापाठीवर सरसकट एकच चौकडी.

रबरी नाग हवा तसा वळवता येतो आणि स्वस्त पडतो, हे मान्य. तरीही आरे किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत राहणाऱ्या मुलांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे वेगवेगळे ओळखता यावेत अशी इच्छा असेल, तर मी प्रतिकृतीच सुचवेन. मात्र विकत घेण्यापूर्वी ती उलटून पोटाकडची बाजू अवश्य तपासावी.