फुथार्क: जीपीयूवरच्या गणितासाठी फंक्शनल भाषा, काही महिन्यांच्या वापरानंतर

कोपनहेगन विद्यापीठात घडलेली फुथार्क ही जीपीयूसाठीची (म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या प्रोसेसरसाठीची) भाषा उष्णतावहन, मॉन्टे कार्लो (यादृच्छिक आकड्यांवरून अंदाज), कणांची परस्पर ओढाताण अशा कामांसाठी आता बरीच वापरून झाली आहे. वेगाबद्दल फारशी तक्रार नाही. मॅप (प्रत्येक घटकावर एक क्रिया), रिड्यूस (सगळे घटक जोडून एक उत्तर), स्कॅन (चालती बेरीज) लिहायचं आणि तोच कोड साध्या सीसाठी, मल्टिकोअर सीपीयूसाठी किंवा जीपीयूवर चालणाऱ्या ओपनसीएल, कुडासाठी कंपाइल करायचा. कर्नल (जीपीयूवर चालणारं फंक्शन), थ्रेड, ब्लॉक यांची नावंही घ्यावी लागत नाहीत. घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच.

रिड्यूसला दिलेली क्रिया साहचर्य पाळते (कंस कुठेही घातले तरी उत्तर तेच) आणि सोबतचं आरंभमूल्य खरंच तटस्थ आहे (मिसळल्याने काही बदलत नाही), हे कंपायलर तपासत नाही, तुमच्यावर विश्वास ठेवतो. वर्गांची बेरीज हवी म्हणून कुणी रिड्यूसमध्येच 'अ + क्ष × क्ष' लिहितो (अ म्हणजे आतापर्यंतची बेरीज). १, २, ३, ४ वर सी बॅकएंड (सीसाठी कंपाइल केलेला कोड) सरळ रांगेत चालतो आणि ३० हे बरोबर उत्तर देतो. जीपीयूवर दोन तुकडे झाले तर पहिल्यातून ५ येतात, दुसऱ्यातून २५, आणि जोडताना त्या २५ चा पुन्हा वर्ग होऊन उत्तर येतं ६३०. ना एरर, ना वॉर्निंग. आधी मॅपने वर्ग करा, मग साध्या अधिकने रिड्यूस करा. कंपायलर दोन्ही एकत्र वितळवतो, मधला ॲरे मेमरीत बनतच नाही, त्यामुळे 'एक फेरी वाचवू' ही हुशारी इथे निरर्थक आहे. आरंभमूल्य शून्याऐवजी १ दिलं तरी हाच घोळ, कारण ते प्रत्येक तुकड्यात मिसळलं जाऊ शकतं.

उत्तरं वेगळी आली की दरवेळी जीपीयूच दोषी असतो असंही नाही. एफ३२ मध्ये (३२ बिटांच्या अपूर्णांकी संख्यांत) २ कोटी वेळा १.० मिळवून बघा. सरळ रांगेतली बेरीज १६७७७२१६ वर थिजते, कारण २ च्या २४ व्या घातापुढे एकाची भर त्या प्रकारात मावत नाही. तुकड्या-तुकड्याने केलेली बेरीज २ कोटींपर्यंत नीट पोचते. म्हणून दोन बॅकएंडची तुलना सापेक्ष फरकाची मर्यादा ठरवूनच करावी, शेवटच्या अंकापर्यंत जुळण्याचा हट्ट धरू नये. ६४ बिटांचं एफ६४ घ्यायचं तर आधी कार्ड बघा: गेमिंगसाठीच्या अलीकडच्या जीफोर्स कार्डांवर त्याचा वेग एफ३२ च्या १/६४ असतो, डेटासेंटरसाठीच्या ए१०० कार्डावर निम्मा.

काळाच्या पायऱ्या चालवणारा लूप फुथार्कच्या आतच ठेवा. ग्रिड दर पायरीला नवा लिहिला तरी आकार तोच असेल तर सहसा दर वेळी नवी मेमरी लागत नाही, कंपायलर दोन बफर आलटून पालटून वापरतो. पायथनमधून दर पायरीला हाक मारली तर लहान ग्रिडवर हाक मारण्याचाच खर्च गणितापेक्षा मोठा होतो. एखादीच जागा बदलायची तर जागच्या जागी बदल करता येतो, पण त्यानंतर जुन्या नावाला हात लावला की टाइपचेकर अडवतो. सुरुवातीला हे जाचक वाटतं, पण एकच मेमरी दोन नावांनी बिघडवण्याचे प्रकार त्यामुळे थांबतात.

वेळ मोजताना जपून. जीपीयू बॅकएंडवर एंट्री फंक्शन (बाहेरून हाक मारायचं फंक्शन) काम पुरं व्हायच्या आधीच परतू शकतं. सीमधून वापरत असाल तर कॉन्टेक्स्ट (फुथार्कची चालू स्थिती सांभाळणारी वस्तू) सिंक केल्याशिवाय, म्हणजे काम संपेपर्यंत थांबल्याशिवाय, घड्याळ थांबवू नका, नाहीतर थक्क करणारे आणि संपूर्ण खोटे आकडे मिळतात. फुथार्क बेंच हे सोबतचं वेळ मोजायचं साधन हे सगळं स्वतः सांभाळतं. पहिल्यांदा सुरू होताना कर्नल कंपाइल होण्यात वेळ जातो, त्यासाठी कॅश फाइलची सोय आहे, ती लावून टाका.

ऑटोट्यूनकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. एकात एक मॅप असले की कंपायलर त्यांचे अनेक अवतार बनवून ठेवतो आणि कुठला चालवायचा ते आकार बघून ठरवतो. त्यासाठीचे उंबरठे ऑटोट्यूनने तुमच्या कार्डावर मोजून घेतलेले बरे. मात्र चाचणीचा डेटा खऱ्या कामाच्या आकाराचा हवा: १००० × १००० वर ट्यून करून प्रत्यक्षात १० × १००००० चालवलं तर चुकीचा अवतार निवडला जाण्याची शक्यता राहते.

खरी अडचण विस्कळीत डेटाची. ॲरेच्या सगळ्या ओळी सारख्याच लांबीच्या लागतात. विरळ मॅट्रिक्स (बहुतेक किमती शून्य असलेलं) म्हणजे किमती, स्तंभक्रमांक आणि ओळींच्या सुरुवाती असे तीन सपाट ॲरे आणि त्यावर खंडांनुसार रिड्यूस. पॅकेज मिळतं, पण डोकं वेगळ्या पद्धतीने चालवावं लागतं. पुनरावर्ती (स्वतःलाच हाक मारणारी) फंक्शन नाहीत, म्हणजे झाडासारख्या रचनांवरचे अल्गोरिदम लूप आणि स्टॅकने लिहायचे. हॅस्केल या फंक्शनल भाषेची सवय असलेल्यांना हे फार टोचेल.

कामाचा मोठा भाग भरगच्च (विरळ नसलेल्या) मॅट्रिक्सचा गुणाकार किंवा फूरिये रूपांतर असेल तर इकडे येऊ नका. फुथार्कच्या आतून एनव्हिडियाच्या क्युब्लाससारख्या बाहेरच्या मॅट्रिक्स लायब्ररीला हाक मारता येत नाही. (गंमत म्हणजे एफएफटीडब्ल्यू या फूरिये रूपांतराच्या लायब्ररीचे सीमधले वेगवान तुकडे ओकॅमल या फंक्शनल भाषेत लिहिलेला जनरेटरच तयार करतो, फंक्शनल भाषा तिथे आधीपासून कामाला आहे.) अनेक जीपीयूंवर काम वाटायचं तर ती जुळणी बाहेर, सी आणि एमपीआयमध्ये (प्रोसेसमध्ये संदेश पाठवायची पद्धत) करायची: प्रत्येक प्रोसेसला एक कार्ड, एक कॉन्टेक्स्ट, आणि ग्रिडच्या तुकड्यांच्या कडांवरच्या ओळींची देवाणघेवाण स्वतः लिहायची. ही जुळणी रोज लागणार असेल तर फुथार्कने वाचवलेली मेहनत तिथेच परत खर्ची पडते.