देवगडच्या पाण्यात फिश फाइंडर : दोन हंगामांचा अनुभव

आमच्या फायबरच्या होडीवर फिश फाइंडर, म्हणजे आवाजाने तळ आणि मासळी दाखवणारे यंत्र, बसवून आता दोन हंगाम पूर्ण झाले. पाच इंची रंगीत पडदा, ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारता आणि जीपीएस असलेले हे यंत्र आम्हाला साधारण तीस हजार रुपयांत पडले. ते घ्यावे असेच माझे मत आहे. मात्र मासळी दुप्पट मिळेल या आशेने घेऊ नये, जाळी वाचावीत म्हणून घ्यावे.

माझे आजोबा दोरीला शिशाचे वजन बांधून पाण्याचा ठाव घेत आणि वजनाच्या बुडाला माखलेल्या चरबीत अडकून वर आलेली वाळू किंवा चिखल बोटांनी चोळून पाहत. तेच काम हे यंत्र आवाजाने करते. होडीच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर आवाजाचा ठोका खाली सोडतो आणि तळावर आपटून येणारा प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. त्यामुळे आठ वाव, म्हणजे सुमारे पंधरा मीटर खोल पाण्यात तो ठोका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येतो. माणसाच्या कानाची मजल २० किलोहर्ट्झपर्यंतच असल्याने यातले काहीही आपल्याला ऐकू येत नाही.

तळ दाखवण्यात हे यंत्र अत्यंत विश्वासू आहे. चिखल असेल तर पडद्यावरची तळाची रेघ मऊ आणि पसरट दिसते. खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, असेल तर ती गडद लाल होते आणि कमी पाण्यात तिच्याखाली तशीच दुसरी रेघ उमटते, कारण आवाज तळ आणि पाण्याची पातळी यांच्यामध्ये दोनदा हेलपाटा घालतो. पहिल्याच हंगामात आम्ही जाळी फाडणारी अकरा खडपे जीपीएसवर नोंदवली आणि तेव्हापासून त्यांतल्या एकावरही जाळे अडकलेले नाही. यंत्राची किंमत माझ्या हिशेबाने तेवढ्यातच वसूल झाली.

मासळीच्या बाबतीत मात्र पडदा वाचायला शिकावे लागते. प्रतिध्वनीचा मोठा वाटा माशाच्या मांसातून येत नाही, तो त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. घोळ माशाचे जे बोत बाजारात सोन्याच्या भावाने विकले जाते, ती हीच पिशवी. म्हणूनच ज्यांना अशी पिशवी नसते त्या मुशी (शार्क) आणि वागळ्या (पाकट) फिक्या उमटतात, तर तारलीचा थवा ढगासारखा ठसठशीत दिसतो. तो थवा तारलीचाच आहे, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते पाण्याचा रंग, पाखरे आणि दिवस यांवरून तांडेलालाच, म्हणजे होडीच्या म्होरक्यालाच, ओळखावे लागते. शिवाय यंत्र फक्त खालचेच पाहते. २०० किलोहर्ट्झवर आठ वाव पाण्यात त्याच्या नजरेखाली तळाचा जेमतेम पाच मीटर रुंदीचा गोल येतो. ५० वर तो दुपटीहून मोठा होतो, पण बारकावे पुसट होतात.

यंत्र बसवताना झालेली एक चूक आम्हाला महागात पडली. विक्रेत्याने पाठवलेल्या कारागिराने ट्रान्सड्यूसर इंजिनाच्या पंख्याच्या अगदी जवळ ठोकला. होडीने वेग घेतला की पाण्यातल्या बुडबुड्यांनी पडदा भरून जाई आणि महिनाभर आम्ही यंत्रालाच दोष देत राहिलो. शेवटी तो आम्ही स्वतः काढून पंख्यापासून दूर, पाणी शांत वाहते अशा जागी बसवला, तेव्हा चित्र स्वच्छ झाले. त्यावर शेवाळ आणि कवचे चढतात, म्हणून दर पंधरवड्याला मऊ कापडाने पुसावे; सुरीने खरवडू नये.

आमच्या किनाऱ्यावर गादे, म्हणजे डॉल्फिन, बारमाही दिसतात. कपाळातून आवाजाचे ठोके सोडायचे, खालच्या जबड्यातल्या चरबीतून प्रतिध्वनी घ्यायचा आणि मान वळवून हव्या त्या दिशेला रोखून ऐकायचे, हे सारे ते पोहता पोहता करतात. आमचे यंत्र त्यांच्या जवळपासही पोहोचत नाही. ५० किलोहर्ट्झचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू येतो, म्हणून गादे होडीजवळ आले की मी ती वारंवारता बंद करून फक्त २०० चालू ठेवतो. दोन्ही वारंवारता वेगवेगळ्या बंद करण्याची सोय आहे ना, हे घेताना दुकानातच तपासावे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढणाऱ्यांना या यंत्राचा काही उपयोग नाही. खडपाळ तळावर जाळी टाकणाऱ्यांनी मात्र पुढच्या हंगामापूर्वी ते बसवून घ्यावे.