मारवाड अंजन की मारवाड धामण? सोलापूरच्या माळासाठी बियाण्याची पारख

जोधपूरच्या काझरीचे (केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेचे) चाऱ्याच्या गवतांचे हे दोन वाण, काझरी ७५ म्हणजे अंजन आणि काझरी ७६ म्हणजे धामण. वंश एकच, सेंक्रस, जाती मात्र वेगळ्या. त्यामुळे दुकानात सरमिसळ सहज होते. पिशवी घेण्याआधी चिमूटभर बी तळहातावर घ्या. अंजनाच्या बोंडाचे, म्हणजे बीभोवतीच्या आवरणाचे, केस लांब, मऊ, पिसासारखे, फक्त बुडाशी जोडलेले. बी एकमेकांत गुंतून कापसासारखं गोळा होतं. धामणीचे काटे आखूड, चपटे, ताठ, खालच्या बाजूने जुळून कडक वाटी झालेले. बी बोटांतून घरंगळतं. एकाच पिशवीत दोन्ही दिसलं तर सरळ परत करा.

पिशवीवरचा टॅगही बघा. निळा म्हणजे प्रमाणित, हिरवट म्हणजे विक्रेत्याच्या स्वतःच्या हमीवरचं. यंदा काढलेलं ताजं बी सुप्तावस्थेत असतं, त्यापेक्षा मागच्या हंगामातलं बरं. शंभर बोंडं ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजा. तीसच्या आत आली तर स्वस्त पिशवीही महागच.

पेरणीत धामण सोपी, पाभरीतून सरळ पडते. अंजन नळ्यात अडकतं, म्हणून पाच-सहा पट ओलसर मातीत चोळून हाताने काकरीत टाकावं लागतं. एकरी दोन किलो, ओळींत दीड-दोन फूट, खोली एक सेंटीमीटरच्या आत. उगवलं नाही की दोष बियाण्याला दिला जातो. पण बहुतेक वेळा ते खोल गाडलेलं असतं, नाहीतर जूनच्या पहिल्या सरीवर पेरून पुढच्या उघडिपीत कोंब वाळलेले असतात. जमीन पुरती भिजू द्या.

मुरमाड, निचऱ्याच्या उतारावर अंजन घ्या. उंच वाढतं, वैरण जास्त. पाऊस फारच कमी किंवा जमीन थोडी भारी असेल तर धामण. बुटकी, पण चिवट. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात अंजन कुजतं, तिथे मारवेल गवत लावा. आमचा कौल तरीही अंजनाला, पेरणीची कटकट धरूनही.

पहिल्या वर्षी मेंढरं सोडू नका, मुळासकट उपटतात. फुलोऱ्यावर कापा, चार-पाच इंच बुडखा ठेवा.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यालगत मात्र दोन्ही नकोत. ऑस्ट्रेलियात अंजनाने रानंच्या रानं व्यापली आहेत. इथल्या पवन्या-कुसळी या गवतांना तसा शेजारी कशाला द्यायचा?