आयपीव्ही६ सुरू करून आठ महिने झाले: मेल आणि अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचा अनुभव

एकाच मशीनवर मेल पाठवणारा-घेणारा पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारा डोव्हकॉट आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मागे आमचं अ‍ॅप्लिकेशन, असा आमचा सर्व्हर. आठ महिन्यांपूर्वी त्यावर जुन्या आयपीव्ही४ च्या जोडीला आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या लांब पत्त्यांची नवी पद्धत, सुरू केलं. वेबचं काम एका संध्याकाळी उरकलं. मेल मार्गी लागायला दोन महिने गेले, म्हणून जास्त लिहितोय ते मेलबद्दल.

वेबसाठी एनजिनएक्सला नव्या पत्त्यावरही ऐकायला लावलं, डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्त्याची नोंद) टाकलं, एवढंच. ब्राउझर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या दोन्ही वाटा जवळपास एकाच वेळी चाचपून आधी लागेल ती धरतो. त्यामुळे एक वाट अडली तरी वापरणाऱ्याला जाणवत नाही.

मेलमध्ये समोरचा सर्व्हर आधी तुमची ओळख तपासतो. मशीनला पत्ता मिळून पोस्टफिक्स रीस्टार्ट होताच त्यावरून मेल जायला लागल्या आणि दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये ५५० च्या, म्हणजे मेल नाकारल्याच्या, ओळी. बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे त्याच ठिकाणी एक मेल पोचायची आणि पुढची परत यायची. पोस्टफिक्स मुळात दोन्ही प्रकारच्या पत्त्यांना सारखंच धरतो, कधी हा निवडतो तर कधी तो, हे आम्हाला तेव्हा कळलं. नव्या पत्त्याला रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारं पीटीआर रेकॉर्ड) नव्हतं आणि एसपीएफमध्ये (आमच्या नावाने मेल पाठवायची मुभा असलेल्या पत्त्यांची यादी) फक्त जुना पत्ता होता. एसपीएफ आमच्या हातात होतं. पीटीआर रेकॉर्ड होस्टिंगवाल्यांकडून लावून घ्यायला पाच आठवडे तिकिटं टाकावी लागली. तोवर मेल पाठवणं आयपीव्ही४ वरच ठेवलं. कुणी आता सुरुवात करत असेल तर पीटीआर हातात आल्याशिवाय पोस्टफिक्सला हात लावू नका, असं अगदी कळकळीने सांगेन.

पुढे अ‍ॅप्लिकेशनसाठी त्याच इंटरफेसवर दुसरा पत्ता जोडला, तर मेल त्या पत्त्यावरून निघायला लागल्या आणि पुन्हा नकार. पाठवण्याचा पत्ता पोस्टफिक्समध्ये पक्का बांधला, तेव्हा ते थांबलं.

फायरवॉलची चूक मात्र जिवाला लागली. आयपीटेबल्स या फायरवॉलचे नियम फक्त आयपीव्ही४ ला लागू होतात. आयपीव्ही६ साठीचं आयपी६टेबल्स रिकामं होतं आणि डेटाबेसचा पोर्ट चार दिवस उघडा राहिला. नुकसान झालं नाही, पण ते चार दिवस आठवले की अजून धस्स होतं. मग घाबरून उलटी चूक केली: शेजारची मशीन शोधण्यापुरतं सोडून बाकी सगळं आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कचे आपसातले निरोप) बंद केलं. लहान मेल जायच्या, मोठी अटॅचमेंट असलेल्या अडकून पडायच्या. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही, 'पॅकेट फार मोठं आहे' एवढं परत कळवतो. तो निरोपच आम्ही दारात अडवत होतो.

अ‍ॅप्लिकेशनमध्ये आयपीचा कॉलम १५ अक्षरांचा निघाला, तो ४५ केला. लॉगिनचे चुकीचे प्रयत्न मोजतानाही सुटा पत्ता धरून उपयोग नाही, कारण एकेका ग्राहकाकडे निदान अख्खा /६४, म्हणजे पहिले ६४ बिट सारखे असलेल्या पत्त्यांचा गट, असतो. आता /६४ वर मोजतो.

या मोजणीतच मला सर्वांत मोठा फायदा दिसतो. पूर्वी मोबाइल नेटवर्कचा एक आयपीव्ही४ पत्ता अडवला की त्याच्यामागची कितीतरी निरपराध माणसं बाहेर राहायची. आयपीव्ही६ वरून येणाऱ्यांबाबत ते थांबलंय. गेल्या पाच महिन्यांत पत्त्यामुळे एकही मेल परत आलेली नाही. आयपीव्ही४ मात्र काढता येणार नाही. आम्ही ज्यांना मेल पाठवतो त्यांतल्या बऱ्याच सर्व्हरना अजून एएएए रेकॉर्डच नाही.