घावण्यांसाठी तवा: बिडाचा की नॉनस्टिक?

भाचीने मालवणात नवं बिऱ्हाड थाटलंय. विचारते, "मावशी, कुठला घेऊ?"

नॉनस्टिक हलका, पहिल्या दिवसापासून घावणे सुटतात. पण रिकामा तापत ठेवला, लोखंडी कालथा लागला की लेप जातो, आणि लेप गेला की तवा गेला.

बिडाचा जड, सुरुवातीचे घावणे चिकटतातच. कांद्याच्या अर्ध्या फोडीने तेल फिरवत राहा, हळूहळू काळा तुळतुळीत होतो. माझ्या आईचा अजून चालतोय, घावण्याला सुरेख जाळी पडते. आपल्या दमट हवेत मात्र पावसाळ्यात रातोरात गंजतो: धुऊन, गॅसवर सुकवून, तेल चोळूनच ठेवायचा. कोकम-चिंचेचं त्यात शिजवू नकोस, काळं पडतं.

रोज घावणे-आंबोळ्या असतील तर बीडच. मनगट दुखत असेल किंवा सणावारीच करणार असशील, तर नॉनस्टिक घे.